डाऊन सिंड्रोम असलेला ४ वर्षांचा मुलगा, गावच्या अंगणवाडीत आत्ताच पाठवू की थांबू? कोकणातल्या कुणाचा अनुभव आहे का

गुहागरची_आई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, गाव खाली खाडीला लागून आणि आमची वाडी वर कातळाच्या बाजूला. माझा मुलगा येत्या श्रावणात ४ पूर्ण करेल. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. जन्मल्यावर आठवड्याभरातच डॉक्टरांना शंका आली, मग रक्ताचा रिपोर्ट आला, ट्रायसोमी २१. हार्टला बारीक भोक होतं ते दीड वर्षाचा असताना टूडी इको केला तेव्हा आपोआप बुजलेलं निघालं. अडीच वर्षांचा झाल्यावर चालायला लागला, आता पाखाडीच्या पायऱ्या एक हात धरून उतरतो. बोलतो म्हणाल तर आठ-दहा शब्द, आजी, भू, जा, ताता असे, पण कळतं त्याला सगळं. सकाळी नुसतं म्हटलं ना की कोंबड्यांना दे रे, तर आत जाऊन डब्यातली मूठभर कणी घेऊन अंगणात टाकतो आणि डबा परत झाकून ठेवतो, झाकण नीट बसलं नाही तर दोन-दोनदा करून बघतो.

तर प्रश्न शाळेचा. तालुक्याच्या गावात एक इंग्लिश मीडियम नर्सरी आहे तिथे गेले होते, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि आधी म्हणाल्या सीटा भरल्या, मग म्हणाल्या बोलायला लागला, शी-शू सांगायला लागला की आणा. घरी येईपर्यंत एसटीत रडत होते मी. मग आमच्या वाडीच्या अंगणवाडीत विचारलं. सेविका स्वभावाने चांगल्या आहेत, नाही म्हणाल्या नाहीत, पण म्हणाल्या तुम्ही सोबत बसणार असाल तर आणा, माझ्याकडे २२ मुलं, मदतनीस एक, आणि असल्या मुलाचं मला काही येत नाही हो. तेवढ्यात दोन आया तिथे होत्या त्यातली एक हळूच म्हणाली की आमची पोरं त्याचं बघून तसंच करायला लागली तर. मी काही बोलले नाही, उठून आले.

सासूबाईंचं म्हणणं आहे की सहा वर्षांचा होऊ दे, जरा समजूतदार झाला की बघू. मिस्टर मुंबईला कामाला, गणपती-शिमग्याला येतात. मुंबईची माणसं आली की म्हणतात तिकडे स्पेशल शाळा आहेत, तिकडे ठेवा. मी त्याला सोडून राहू शकत नाही आणि मुंबईत चौघांना पुरेल एवढी जागा नाही.

मला एवढंच विचारायचंय की आत्ताच अंगणवाडीत घालावं का, की घरीच थोडं तयार करून मग घालावं? आणि घातलं तर सेविकांना मी नक्की काय सांगू?

---

सेविकाताई_दापोली

ताई, थांबू नका. घरी तयार करून मग पाठवते हे जे आहे ना ते कधी संपत नाही, मी १९ वर्षं अंगणवाडी चालवतेय, तयार होऊन आलेलं पोर मी अजून एक बघितलं नाही, कुठलंच. तीन वर्षांची सगळीच रडतात, चड्डीत करतात, खिचडी अंगावर सांडतात. तुमचा त्यात वेगळा दिसणार नाही पहिला महिनाभर तरी.

तुमच्या सेविका म्हणाल्या मला येत नाही, ते मला कळतं. मी पण म्हटलं होतं. माझ्याकडे ६-७ वर्षांमागे एक मुलगी आली, सेरेब्रल पाल्सी, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे आणि बसवलं की एका बाजूला कलायची. तिची आजी कडेवर घेऊन यायची, पाऊण किलोमीटर चढ. मी आजीला म्हटलं तुम्ही बसा तिला धरून. १५ दिवस आजी बसल्या आणि १५ दिवस त्या पोरीला कुणी हात लावला नाही, पोरं आजीला घाबरून लांब बसायची. माझ्या लक्षात आलं की मोठं माणूस चिकटून बसलं की बाकीच्या पोरांना वाटतं हे आपल्यातलं नाही. मग आमच्या वाडीतल्या सुताराला सांगितलं, त्यांनी फणसाच्या जुन्या फळ्यांचं एक कोपऱ्यासारखं आसन करून दिलं, मागे दोन फळ्या काटकोनात, खाली बुड टेकायला पाट, पुढे पोटाशी ओढणीचा पट्टा. तालुक्याला फिजिओ मॅडम येतात त्यांच्याकडून माप घेतलं होतं, अंदाजाने केलं नाही. त्या आसनात ती पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे ठेवून बसली. आजी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला आणि तिच्या मांडीवर ठोकळे ओतून गेला. बस, तिथून सुरू झालं सगळं.

म्हणून सांगते, सोबत बसा म्हणाल्या तर पहिला आठवडा बसा, पण पडवीत बसा, आत नको. मग हळूहळू कमी करा. सेविकांना भांडून सांगू नका, त्यांना घरी बोलवा, त्याला कोंबड्यांना कणी टाकताना बघू दे. ज्याला दोन-दोनदा झाकण लावून बघायचं कळतं त्याला आमच्याकडची अर्धी कामं येतील.

आणि हे त्यांना जरूर सांगा, महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढलाय. त्यात लिहिलंय की लक्षणं लवकर ओळखायची, मूल अंगणवाडीत आणि गावच्या कार्यक्रमात सामावून घ्यायचं, घरच्यांना बळ द्यायचं आणि आशा, एएनएम (उपकेंद्राच्या नर्सबाई), आरबीएसकेच्या म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी टीमकडे पाठवायचं. म्हणजे हे त्यांच्या कामाबाहेरचं नाहीये. त्यांना ट्रेनिंग झालं नसेल तर पर्यवेक्षिकांना बीट मीटिंगमध्ये विचारायला सांगा. एकटीला प्रश्न पडला की ती गप्प बसते, मीटिंगमध्ये विचारलं की चार जणी म्हणतात माझ्याकडे पण आहे एक.

चमच्याचं पण सांगून ठेवते, डाऊनच्या मुलांची पकड ढिली असते. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाड झालं की धरता येतं. तसलाच चमचा अंगणवाडीत पण ठेवा. आमच्याकडे आता सगळ्याच पोरांना तो जाड चमचा हवा असतो.

---

अलिबागकर_बाबा

मी थोडं वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, आता ९ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना आम्ही पण उत्साहाने जवळच्या एका बालवाडीत घातला होता. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण काय झालं तर त्याला दाराजवळ एक सतरंजी टाकून दिली, बाजूला एक डबा खेळण्यांचा, आणि तो तिथे त्याचा त्याचा बसायचा. रडत नाही म्हणून सगळे खूश. आम्ही पण खूश, घरी येऊन सांगायचो की जमलं बुवा. आठ महिन्यांनी स्नेहसंमेलन झालं, सगळी पोरं कोळ्यांच्या वेषात स्टेजवर, आणि आमचा मांडीवर. विचारलं तर म्हणाल्या त्याला त्रास होईल म्हणून नाही घेतला. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं की रोज तो काय करतो, कुणाशी खेळतो, तर कुणालाच सांगता येईना. आठ महिने तो नुसता बसून होता.

त्यामुळे घाला जरूर, पण पोचवून निवांत होऊ नका. दर आठवड्याला विचारत जा की आज कुणाशेजारी बसला, काय हातात घेतलं, कुठल्या गाण्याला उठला. नावं घेऊन उत्तर आलं तर समजायचं चाललंय.

दुसऱ्या ठिकाणी आमचं बरंच बरं झालं आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. ती अंगणवाडी पत्र्याची. आपल्याकडे जुलैत पत्र्यावर पाऊस कसा वाजतो माहितीये, मोठ्या माणसाला समोरच्याचं ऐकू येत नाही. माझा मुलगा कानावर हात ठेवून भिंतीवर डोकं आपटायचा. लोकांना वाटायचं हट्टी आहे, मारकुटा आहे. तिथल्या ताईंनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि म्हणाल्या अहो हा पावसाला घाबरतोय, पोरांना नाही. मग त्यांनी काय केलं, सर जोराची आली की मदतनीस मावशी त्याला मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत न्यायच्या, तिथे स्लॅब होता. एकट्याला नाही न्यायच्या, अजून दोन पोरं घेऊन जायच्या मटकी निवडायला. सर ओसरली की तिघं परत. डोकं आपटणं महिन्याभरात थांबलं.

आणि एक भिंतीवर पट्टी लावली होती त्यांनी, हात धुणे, गाणं, खाऊ, झोपाळा, घर, अशा पाच फोटोंची. एक झालं की तो फोटो उलटा करायचा. त्याच्यासाठी केली होती पण सगळीच पोरं उलटा करायला धावायची, मग पाळी लावावी लागली. पाळी लागली म्हणून माझा मुलगा पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव घ्यायला शिकला, कारण आज कुणाची पाळी ते सांगावं लागायचं.

---

फिजिओ_चिपळूण

गुहागरच्या ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांचंच काम करते. अंगणवाडीत घालायच्या आधी काही तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या, हे शाळेपेक्षा आधीचं आहे.

कान पहिले. डाऊनच्या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ आणि आत पाणी साठणं खूप होतं, आणि मग ऐकू कमी येतं. पोर बोलत नाही म्हणजे बुद्धीच कमी असं आपण धरून बसतो आणि इकडे त्याला शब्दच अर्धे ऐकू येत असतात. ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी करा, लागलं तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, सांगतील. डोळे, आणि थायरॉइड वर्षातून एकदा. मिस्टर मुंबईत आहेत तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, वाचा आणि श्रवणाचीच. तिथे एकदा नेऊन आणता येईल, गणपती नंतर परतीच्या गर्दीत नको, जरा मोकळं असताना.

मानेचं पण सांगते कारण अंगणवाडीत हे कुणाला माहीत नसतं. डाऊनच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून कोलांट्याउड्या, डोकं खाली करून उभं राहणं, कुणी मानेला झटका देईल असे खेळ नकोत, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय. बाकी पळणं, चढणं, झोपाळा, वाळूत खेळणं सगळं करू द्या, करायलाच पाहिजे. चालता चालता अचानक पाय अडखळायला लागले किंवा मान एका बाजूला धरून ठेवतोय असं दिसलं तर लगेच दाखवा. हे एका कागदावर लिहून सेविकांना द्या, तोंडी नको, त्या बदलल्या की तोंडीचं जातं.

बोलण्यासाठी शब्द यायची वाट बघत बसू नका, हाताच्या खुणा सुरू करा. पाणी, अजून, संपलं, शी, मदत, एवढ्या पाच पुरे. खुणा केल्या की मूल बोलायचं राहतं असं आपल्याकडे लोक म्हणतात, तसं होत नाही, उलट डाऊनच्या मुलांचं डोळ्यांनी बघून शिकणं चांगलं असतं आणि खूण आली की मागोमाग शब्द यायला सोपं पडतं. फक्त घरात एक आणि अंगणवाडीत दुसरी खूण नको. सगळ्या पोरांना गाण्यातून शिकवा म्हणजे त्याची खूण सगळ्यांना कळेल, नाहीतर तो शू ची खूण करणार आणि कुणाला कळणार नाही आणि मग सगळे म्हणणार शी-शू सांगत नाही.

आता कागदपत्रं. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्याच कोकणातून, पालघरहून सुरू झाला. त्याची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. अंगणवाडीत नाव असेल तर पोर त्यांच्या समोर येतंच, घरी ठेवलं की सुटतं. जन्मतःचे दोष, विकासातला उशीर, सगळं त्यात बसतं, पुढे जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर होतो, मग डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के आणि वर असेल तर बहुतेक योजना लागू होतात. लहान वयात सर्टिफिकेट बऱ्याचदा ठराविक मुदतीचं देतात, तारीख बघून ठेवा. आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्वासाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो.

एसटीचं तर माहीतच असेल, ५ वर्षांपर्यंत त्याचं तिकीट नाही आणि २०२३ पासून तुमचं अर्धं. त्यामुळे आठवड्यातून एकदा चिपळूणला थेरपीला येणं अगदीच परवडणार नाही असं नाही. पण खरं सांगू का, आठवड्यातला माझा पाऊण तास आणि अंगणवाडीतले रोजचे तीन-चार तास यात मला विचाराल तर मी अंगणवाडी म्हणेन. मी त्याला पायरी चढायला शिकवू शकते, पण पायरीच्या वरच्या बाजूला मित्र उभा असला की तो माझ्याशिवाय चढतो.

---

गुहागरची_आई

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना दोनदा थांबावं लागलं. मानेचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारचा पोरगा त्याला पाय धरून उलटा करतो आणि हा खिदळतो, आजपासून बंद.

अलिबागच्या दादा, राग कसला, तुम्ही सांगितलं ते बरं झालं, मी पण रडला नाही म्हणजे जमलं असंच समजले असते.

एक विचारू, त्या दुसऱ्या आया बोलल्या त्यांना काय उत्तर द्यायचं? गाव लहान आहे, पाण्यावर, बाजारात, देवळात रोज तोंड बघायचं एकमेकांचं.

---

रत्नागिरी_ऋतुजाची_मम्मी

ताई मी त्या दुसऱ्या बाजूची आई आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या बालवाडीत एक मुलगा होता, त्याला कमी दिसायचं, जवळजवळ नाहीच. मला पण आधी वाटलं होतं की बाईंचं सगळं लक्ष त्याच्याकडेच जाणार. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी वर्गाच्या दारापासून संडासापर्यंत सुंभाची दोरी बांधली होती कमरेएवढ्या उंचीवर, त्याला धरून तो एकटा जायचा. आणि प्रत्येक वस्तू कुठे ठेवली ते तोंडाने सांगायची सवय लावली होती सगळ्यांना. माझी मुलगी घरी येऊन मला सांगायला लागली, मम्मी स्टूल इथे नाही ठेवायचं, कुणी आपटेल. साडेतीन वर्षांची पोरगी. तिचं बोलणं त्या वर्षी इतकं सुधारलं की मीच बघत राहिले, कारण त्याला नुसतं बोट दाखवून चालायचं नाही ना, सांगावंच लागायचं, लाल बादलीच्या मागे, खिडकीच्या खाली, असं.

त्या आयांना उत्तर देऊ नका. त्यांच्या पोरांना एक दिवस घरी बोलवा, कोंबड्या दाखवायला. पोरं एकदा खेळली की आया आपोआप मागे येतात. मला पण माझ्या पोरीनेच आणलं.

---

निवृत्त_गुरुजी_मालवण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं काढली, बरीच वर्षं पहिलीचा वर्ग. पहिलीच्या वर्गावर बसणाऱ्या माणसाला अंगणवाडीचं मोल कळतं. सहा वर्षांपर्यंत घरी ठेवलेलं दिव्यांग मूल पहिलीत आलं की त्याला तीन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, आईपासून लांब बसणं, ३० पोरांचा गोंगाट, आणि वर पाटी. त्यातलं पाटीचं सोपं असतं हो, पहिल्या दोनच जड जातात. तीच दोन अंगणवाडीत हसतखेळत होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय तो याचसाठी, मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते असं त्यात म्हटलंय. सासूबाईंना हे सांगा, सहाव्या वर्षी सुरू करणं म्हणजे भात पोटरीला आल्यावर लावणीला जाण्यासारखं आहे. त्यांना शेतीची भाषा पटेल.

दुसरं, अंगणवाडी ही कल्पना आपल्याच किनाऱ्यावरची आहे हे लोक विसरलेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या स्वतः उठून पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या, आंघोळ घालण्यापासून सुरुवात केली, खेळणी म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, पोर कुरणात तर शाळा कुरणात. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पोरं आधी तयार होऊन येऊ देत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, ती पुष्कळ नंतर. म्हणून तुमच्या सेविकांना म्हणा, बाई, तुमच्या वाडीचं नावच अंगणावरून आलंय.

माझा एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एका वर्षी ऐकू न येणारी मुलगी आली, कानाला मशीन. मी तिला पुढे बसवली आणि फळ्याकडे तोंड करून शिकवायची माझी सवय, ती सुटेना. ती मुलगी दर थोड्या वेळाने उठून फळ्याजवळ यायची, मी म्हणायचो बस खाली. चार दिवसांनी तिच्या शेजारचा पोरगा म्हणाला, गुरुजी, तेका तुमचा तोंड दिसाक होया. सहा वर्षांच्या पोराला कळलं ते मला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून आधी लिहायचो, मग वर्गाकडे वळून बोलायचो. बाकीच्यांचं पण लक्ष वाढलं. त्या मुलीला तिच्या वाडीतले लोक पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा गावातली एक म्हातारी म्हणाली होती, बाय आमचीच आसा, बसांदे तेका हयसर. मला वाटतं प्रवेशासाठी एवढं पुरे.

कायद्याचं विचाराल तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू, २१ प्रकार त्यात मोजलेत. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि लागतील त्या सोयी करायच्या असं त्यात आहे, आणि ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पहिलीला जाताना समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक तुमच्या केंद्रावर कोण आहेत ते आत्ताच विचारून ठेवा. कायदा हातात असू द्या पण पहिल्या दिवशी टेबलावर आपटू नका. त्या बाईंबरोबर तुम्हाला दोन-तीन वर्षं काढायची आहेत.

---

गुहागरची_आई

नमस्कार परत. दीड महिना झाला, सांगायचं म्हणून आले.

दापोलीच्या ताईंनी सांगितलं तसं सेविकांना घरी बोलावलं, घावणे केले होते. त्याने नेहमीसारखी कणी टाकली, डबा झाकला. सेविका म्हणाल्या हा तर माझं ताटल्यांचं काम करेल. आता रोज खाऊच्या वेळी तो ताटल्या वाटतो. पहिले दोन दिवस सगळ्या एकाच मुलीपुढे ठेवल्या, एकावर एक, ती पण गप्प बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनेच त्याचा हात धरून एक-एक पुढे नेलं. आता एक ताटली, एक मूल, असं होतं, मध्येच कुणी चुकलं तर मागे येतो. सेविका म्हणाल्या हे गणितच आहे, मी त्याला शिकवलंच नाही.

पहिला आठवडा मी पडवीत बसले, मग पायरीवर, आता घरी. सासूबाई रोज सोडायला जातात आणि तिथेच दहा मिनिटं बोलत बसतात, त्यांनाच जास्त आवडायला लागलंय. पोटरीला आलेल्या भाताचं सांगितलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याचे कपडे काढून ठेवले.

पाण्याची आणि अजूनची खूण सगळ्या पोरांना येते. शू ची खूण त्याने अंगणवाडीत आधी केली, घरी नंतर. कान तपासले, दोन्हीकडे पाणी साठलंय, औषध चालू आहे, महिन्याने परत बोलावलंय. मानेचं कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

सगळंच झालंय असं नाही. त्या दोन आयांपैकी एकीने तिच्या मुलाला काढून गाडीने नर्सरीत घातलं, कारण तेच का ते विचारलं नाही, विचारायचं पण नाहीये. दुसरीचा मुलगा मात्र रविवारी येतो कोंबड्या बघायला. आणि जमिनीवर बसलं की हा मांडी न घालता पाय एकदम फाकवून बसतो डब्ल्यूसारखा, फिजिओ ताई ते चालतं का?

आता काळजी पावसाची आहे. अंगणवाडी आणि आमच्या घराच्या मध्ये एक पऱ्या म्हणजे ओहोळ आहे, त्यावर लाकडी साकव, छोटा पूल, एका बाजूला हात धरायला काही नाही. उन्हाळ्यात तो मला धरून जातो, पण जूननंतर खालून पाणी बघितलं की तो मध्येच खाली बसतो आणि उठत नाही. सासूबाईंना उचलणार नाही तो.

---

फिजिओ_चिपळूण

डब्ल्यूसारखं बसणं सवय करू नका, डाऊनमध्ये सांधे आधीच सैल असतात. ओरडू नका, बसला की पाय पुढे घेऊन द्या, किंवा चार इंच उंचीचा पाट द्या, पाटावर बसलं की पाय आपोआप पुढे येतात. सगळ्यांनाच पाट द्या म्हणजे त्याचा एकट्याचा होणार नाही. कानात पाणी आहे तोवर त्याच्याशी समोरून आणि जवळून बोला, मागून हाक मारून तो आला नाही तर हट्ट समजू नका.

---

निवृत्त_गुरुजी_मालवण

साकवाचं ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो ग्रामपंचायतीने, पुष्कळ ठिकाणी तो पडून राहतो कारण कुणी मागत नाही. अर्जात फक्त तुमच्या मुलाचं लिहू नका, अंगणवाडीतली २२ मुलं आणि वाडीतली म्हातारी माणसं कोण कोण त्या साकवावरून जातात ते नावानिशी लिहा, सह्या घ्या. ग्रामसभेला सासूबाईंना पुढे बसवा. तोवर निदान एका बाजूला बांबू आणि सुंभाची दोरी वाडीतल्या मुलांकडून पाऊस लागायच्या आत बांधून घ्या, ते एका रविवारचं काम आहे.

---

सेविकाताई_दापोली

ताटल्यांचं वाचून फार बरं वाटलं ताई. पाऊस जास्त असेल त्या दिवशी तुमच्या सेविकांना म्हणा गृहभेट तुमच्याकडे ठेवा, गृहभेटी आम्हाला करायच्या असतातच. येताना दोन पोरं घेऊन आल्या तर बघा, तुमच्या पडवीत गाणी होतील. आणि साकवावर तो बसला की खाली बघू नको असं म्हणू नका, त्याला पलीकडचं काहीतरी बघायला द्या. ती ताटलीवाली मुलगी पलीकडे उभी राहिली तर तो येईल.

---

गुहागरची_आई

हो, तिला सांगते उद्या. दोरीचं दिराला फोन करून विचारलं, बांबू आमच्याच परड्यात आहे, या रविवारी करू म्हणालाय.